जेवण वेगळं, मैत्री तीच



मे महिना जवळ आला की आमच्या कांदिवलीत महावीर नगरपासून ठाकूर व्हिलेजपर्यंत एकच विषय असतो, यंदा कोण कुठल्या टूरला चाललंय. आमच्या विंगमधली तीन कुटुंबं युरोपला जाऊन आली. सोबत जैन स्वयंपाकी, बॅगेत थेपले, खाकरे, शेंगदाण्याची बिनलसणाची चटणी. परत आल्यावर सगळ्यांनी विचारलं, "जेवणाचं कसं झालं?" उत्तर आलं, "एकदम घरच्यासारखं!" तिकडे कोणाशी ओळख झाली का, हे मात्र कोणी विचारलं नाही. होणार तरी कशी? बसमध्ये आपलेच लोक, जेवायला आपलेच लोक, फोटोतही आपलेच लोक.

अशा टूरना मी नावं ठेवत नाही. वयस्कर सासू-सासऱ्यांना घेऊन जायचं तर तीच सोय बरी. पण आपल्यातल्या बऱ्याच जणींच्या मनात पक्कं बसलंय, की आपले नियम इतके कडक, त्यामुळे परक्या लोकांशी आपलं जमणारच नाही. त्यांच्या घरी पाणी प्यायचं तरी दहा प्रश्न. मला हे पटत नाही. का ते सांगते.

आपल्या शेजारच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशींचं नाव तुम्हाला माहीत आहेच. पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांपैकी एक म्हणून आपण त्यांना शाळेत वाचलं. मला त्यांच्या डॉक्टरकीइतकीच त्यांची एक मैत्री मोठी वाटते. गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकेतल्या एका मिशनऱ्याला पत्र लिहिलं होतं. ते तिकडच्या मिशनरी मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोसिया कार्पेंटर या बाई दाताच्या डॉक्टरकडे बसल्या असताना त्यांच्या हाती तो अंक पडला. ना ओळख, ना पाळख, पण त्यांनी या मुलीला पत्र पाठवलं. पुढची काही वर्षं पत्रं चालली आणि 1883 मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई नवऱ्याशिवाय बोटीनं निघाल्या, त्या थेट या बाईंच्या घरी. त्यांना त्या मावशी म्हणत.

निघण्याआधी आनंदीबाईंनी भर सभेत सांगितलं होतं, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. तिकडे त्या शाकाहारी राहिल्या, साडीतच राहिल्या. नऊवारीत थंडीनं पाय उघडे पडतात म्हणून साडी गुजराती पद्धतीनं नेसू लागल्या, एवढाच बदल! मावशी ख्रिस्ती, भाची हिंदू. कोणी कोणाला बदललं नाही आणि प्रेमही कमी झालं नाही. 1886 मध्ये पदवी मिळाली, 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात आनंदीबाई गेल्या. वय अवघं एकवीस. त्यांच्या अस्थी अमेरिकेला मावशीकडे गेल्या. कार्पेंटर कुटुंबानं न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या दफनभूमीत, आपल्या घरच्या माणसांच्या जागेत त्यांना जागा दिली. आपल्या घरच्या माणसांत जागा देणं, याहून मोठी मैत्री कुठली?

आता माझं सांगते. माझी लेक जर्मनीत स्टुटगार्टला असते. मुंबई आणि स्टुटगार्ट 1968 पासून भगिनी शहरं आहेत, हे मला तिकडे गेल्यावर कळलं. लेकीच्या बाळंतपणासाठी मी तीन महिने तिथे होते. समोरच्या दारात सत्तरीच्या एक आजी राहायच्या. बाळ घरी आलं त्या आठवड्यातच त्या मधाची बरणी घेऊन आल्या. त्यांच्या स्वतःच्या पेट्यांमधला मध, बाळंतिणीसाठी प्रेमानं आणलेला.

मध आपल्याला चालत नाही. मी हात जोडले आणि लेकीला सांगायला लावलं, "हे मधमाश्यांचं आहे म्हणून आम्ही घेत नाही. पण तुम्ही आणलंत, ते मला पोहोचलं." त्यांचा चेहरा उतरलाच. बरणी घेऊन त्या गेल्या. पुढे तीन-चार दिवस जिन्यात नुसती मान हलवायच्या. लेक मला म्हणाली, "आई, तू जुलैत जाशील. मला इथेच राहायचंय. माझ्याकडे अडीअडचणीला धावून येईल असं हे एकच दार आहे." तिचं म्हणणं खरं होतं. पण नियम मोडायचा, हाही मार्ग नव्हता.

मार्ग सापडला तो झाडूपाशी. स्टुटगार्टच्या भागात 'केअरवोखे' म्हणून जुनी पद्धत आहे. केअरवोखे म्हणजे झाडण्याचा आठवडा. बिल्डिंगचा जिना झाडायची-पुसायची पाळी दर आठवड्याला एकेका घरावर येते आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. लेकीची पाळी आली, झाडू मी घेतला. कोपऱ्यात कोळी होता. मी कागदावर त्याला अलगद घेऊ पाहत होते, तर तो पळत होता. आजी दारातून बघत होत्या. त्या आत गेल्या आणि काचेचा पेला न् पोस्टकार्ड घेऊन आल्या. कोळ्यावर पेला पालथा घातला, खालून कार्ड सरकवलं आणि खिडकीतून त्याला बाहेर सोडलं. मग माझ्याकडे बघून हसल्या. त्या वर्षानुवर्षं असंच करत आल्या होत्या! जीवदया हा शब्द त्यांनी कधी ऐकला नसेल, पण हात तेच करत होते.

त्या दिवशी लेक झोपली होती, म्हणून मी कागदावर चित्र काढून समजावलं. एक आडवी रेघ म्हणजे जमीन. रेघेखाली बटाटा, गाजर, कांदा, लसूण, त्यावर फुली. रेघेवर टोमॅटो, घेवडा, भोपळा, चेरी, त्यावर बरोबरची खूण. बाजूला अंडं आणि मधमाशी, त्यावरही फुली. आजींनी तो कागद मागून घेतला आणि स्वतःच्या फ्रिजवर लावला. बटाट्यावाचून ज्यांचं पान हलत नाही अशा देशात! दुसऱ्याच दिवशी त्यांच्या छोट्या मळ्यातली कोवळी झुकिनी आणि चेरी आमच्या दारात. फुली मारलेलं एकही नाही.

आणखी एक गंमत सांगते. आपण सूर्यास्ताआधी जेवतो हे सांगताना मी जरा बिचकत होते. पण तिकडेही बऱ्याच घरांत संध्याकाळचं जेवण सहा-सातला उरकतं, ब्रेड-चीजचं, थंड आणि साधं. आजी उलट म्हणाल्या, "मग वेगळं काय?" जूनमध्ये तिथे सूर्य साडेनऊला मावळतो, त्यामुळे मला तर भरपूर वेळ! त्यांच्या टेबलावर त्या त्यांचा ब्रेड खायच्या, मी माझी दशमी आणि त्यांच्या चेरी. ताटं वेगळी, गप्पा एक.

जर्मनमध्येही आपल्यासारखं 'तू' आणि 'तुम्ही' आहे. 'तू' म्हणायची परवानगी मोठ्यानं द्यायची असते. मी निघायच्या आदल्या आठवड्यात आजींनी मला 'तू' म्हणायला सांगितलं. लेक म्हणाली, "मी इथे चार वर्षं आहे, मला अजून नाही सांगितलं!" आता बाळाला सर्दी झाली तरी आजी पहिल्या येतात.

परका माणूस आपल्याकडे येतो, तेव्हाही असंच घडतं. जर्मनीच्याच शार्लोट क्राउझे या विदुषी 1920 च्या दशकात जैन ग्रंथांच्या अभ्यासासाठी भारतात आल्या. साधू आणि श्रावकांमध्ये राहिल्या, गुजराती-हिंदी शिकल्या, व्रतं घेतली आणि सुभद्रादेवी झाल्या. 1980 मध्ये ग्वाल्हेरला त्यांचा अंत झाला. त्यांना आपल्यात घेणारी माणसं इथे भेटली, म्हणूनच ते झालं ना?

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा परदेशी जाल तेव्हा थेपल्यांबरोबर एवढं न्या. आपला नियम त्यांच्या भाषेत चार ओळींत लिहून घ्या, नाहीतर रेघेचं चित्र काढा. नाही म्हणताना वस्तूला नाही म्हणा, आणणाऱ्याला नाही. आणि "मी हे खात नाही" एवढ्यावर थांबू नका, "मी हे खाते" हेही लगेच सांगा. समोरच्याला काहीतरी देता आलं पाहिजे. देणाऱ्याला रिकाम्या हातानं परत पाठवलं, तर तो पुन्हा दार वाजवत नाही.

व्रत आपण आपल्यासाठी पाळतो. कोणाला लांब ठेवायला ते नाही. आपण रोज म्हणतो ना, सर्व जीवांशी माझी मैत्री आहे. त्या सर्व जीवांत समोरच्या दारातल्या आजीही येतात.

जय जिनेंद्र!