पहिल्या नगावरची सही

विनिपेगमध्ये सप्टेंबर नारिंगी असतो. पाने पिवळी पडू लागतात त्याच सुमारास शहरातील शाळा, कचेऱ्या आणि हॉकीचे संघ नारिंगी सदऱ्यांची मागणी नोंदवतात. कारण ३० सप्टेंबर हा ऑरेंज शर्ट डे. १९७३ साली फिलिस वेबस्टॅड ही सहा वर्षांची मूलनिवासी मुलगी ब्रिटिश कोलंबियातील निवासी शाळेत गेली, तेव्हा आजीने घेऊन दिलेला तिचा नवा नारिंगी शर्ट पहिल्याच दिवशी काढून घेण्यात आला. त्याच्या स्मरणार्थ २०१३ पासून हा दिवस पाळला जातो, आणि मॅनिटोबात २०२४ पासून ती सार्वजनिक सुट्टीही आहे. ज्यांच्या पूर्वजांनी प्रेतावरचीच वस्त्रे नेसावीत असे मनुस्मृतीने लिहून ठेवले, त्यांना त्या शर्टाची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. हे काम मी म्हणूनच दरवर्षी आवर्जून घेतो. आणि याच कामात माझ्याकडून जे घडले, ते येथे लिहितो आहे.

आमचा छापखाना लहान आहे. माझ्यासह सात माणसे, सहा रंगांचे हाताने चालवायचे एक फिरते छपाईयंत्र, भरतकामाची दोन यंत्रे, आणि शाई पक्की करणारी पट्ट्याची एक लांब भट्टी. जानेवारीत बाहेर उणे तीस असताना सर्वांना त्या भट्टीपाशीच काहीतरी काम निघते. त्या महिन्यात माणसे कामावर टिकवण्यासाठी मालकाला फारसे काही करावे लागत नाही. भरतकाम सांभाळणाऱ्या फिलिपिनो बाईंना सगळे ‘आते’ म्हणतात. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ थोरली बहीण. मला मात्र पहिल्या दिवसापासून आत्याच ऐकू येते आणि त्यांचा दराराही तसाच आहे. विनिपेगच्या कपडा कारखान्यांनी १९६८ च्या सुमारास फिलिपिन्समधून शिवणकामगार आणावयास सुरुवात केली. त्या पिढीतील एका बाईच्या हाताखाली आते शिकल्या. कारखाने बहुतेक गेले, पण सुईच्या आवाजावरून धागा कधी तुटणार हे सांगणारे कान मागे राहिले.

मालक झालो तेव्हा माणसांकडून काम कसे करून घ्यावे, यावरची पुस्तके मी बरीच वाचली होती. एका वर्षी सदऱ्यांच्या संख्येवर बक्षीस लावले. संख्या वाढली. महिन्याभराने तक्रारी आल्या की पहिल्याच धुण्यात अक्षरे तडकतात. झाले होते असे की, वेग वाढावा म्हणून भट्टीचा पट्टा जलद केला जात होता. नेहमीच्या शाईला आतपर्यंत सुमारे १६० अंश सेल्सिअस उष्णता पोहोचावी लागते. ती वरवर कोरडी दिसते आणि आत कच्ची राहते. दोष माणसांचा नव्हता. मी ज्याचे पैसे लावले, ते त्यांनी मला दिले. त्यानंतर ‘महिन्याचा उत्तम कर्मचारी’ म्हणून भिंतीवर छायाचित्र लावले. पहिला मान आतेंचा. त्यांनी ते उतरवून स्वतःच्या पिशवीत ठेवले आणि म्हणाल्या, “दादा, फोटो छान आहे, घरी नेते. इथे लावलात तर बाकीच्या पाचांना रोज दिसेल की ते उत्तम नाहीत.”

मुख्य गोष्ट त्या सप्टेंबरची. एका शाळेसाठी २४० नारिंगी हुडी छापायच्या होत्या. सुती माल संपला होता, म्हणून पुरवठादाराने निम्मे सूत आणि निम्मे पॉलिएस्टर असा माल सुचवला. मी दूरध्वनीवर होकार दिला आणि कामाच्या चिठ्ठीवर आधी लिहिलेला ‘सुती’ हा शब्द बदलायला विसरलो. पॉलिएस्टरचा रंग फार उष्णतेत वाफ होऊन वर चढतो आणि छापलेल्या शाईत मुरतो. अशा कापडासाठी कमी उष्णतेवर पक्की होणारी, रंग अडवणारी वेगळी पांढरी शाई लागते. ती आमच्या फळीवर होती. चिठ्ठीप्रमाणे नेहमीची वापरली गेली. शुक्रवारी संध्याकाळी अक्षरे शुभ्र दिसत होती. सोमवारी खोकी उघडली तेव्हा ती पिकल्या पीचच्या रंगाची झाली होती.

यंत्रावर पंजाबहून शिकायला आलेला आणि शिक्षण संपवून आमच्याकडे लागलेला एक तरुण होता. मी सर्वांसमोर त्याला बोललो. काय बोललो ते येथे लिहीत नाही. शब्द वाईट होते, आवाज त्याहून वाईट होता. तो म्हणाला, “सॉरी, सर,” आणि जाळ्या धुवायला गेला. आते आपल्या यंत्रावरून उठल्या, एका हुडीची मान उलटी करून त्यांनी लेबल माझ्यासमोर धरले, आणि काही न बोलता परत जाऊन बसल्या.

जेवणाच्या सुट्टीत मी त्याला विचारले, “लेबल तू पाहिले नव्हतेस?”

“पाहिले होते, सर.”

“मग सांगितले का नाहीस?”

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “ऑगस्टमध्ये मी एकदा विचारले होते. तेव्हा तुम्ही म्हणालात, विचारत बसू नकोस, छाप. आणि माझे पत्र अजून तुमच्याकडे आहे.”

हे पत्र म्हणजे प्रांताच्या नामनिर्देशन योजनेत अर्ज करताना लागणारे मालकाचे पत्र. या देशात कायम राहता येईल की नाही, हे त्याच्या बाबतीत बरेचसे माझ्या एका सहीवर अवलंबून होते. मी ते कधी धमकी म्हणून वापरले नव्हते. पण ‘बघू, पुढच्या महिन्यात देतो’ असे दोनदा म्हणालो होतो. त्याला जे ऐकू यायचे ते आलेच.

माझे आजोबा परळच्या एका गिरणीत त्रासनखात्यात होते. त्याआधी कित्येक वर्षे ते बदली कामगार होते. पहाटे फाटकाशी उभे राहायचे आणि जॉबरने बोट दाखवले तर आत. जॉबरची मर्जी राखावी लागे, हात ओले करावे लागत. विणकाम खात्यात मजुरी अधिक, पण तेथे आपल्या माणसांना प्रवेश नव्हता. कांडी बदलताना धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा इतरांना चालत नसे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. आजोबा जॉबरविषयी फारसे बोलत नसत. एवढेच म्हणत, “तो विचारायचा नाही आणि आम्ही सांगायचो नाही.”

त्या दुपारी ते वाक्य मला आठवले. फाटकाशी उभा असलेला मुलगा पंजाबचा होता, आणि बोट माझे होते.

आदल्याच महिन्यात आमच्या धम्मवर्गात सिगालोवाद सुत्ताचे वाचन झाले होते आणि वाचक मीच होतो. सेवकांप्रती मालकाची पाच कर्तव्ये तेथे सांगितली आहेत: शक्तीनुसार काम नेमावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, विशेष खाण्यात वाटा द्यावा, योग्य वेळी सुट्टी द्यावी. वर्गात मी यावर दहा मिनिटे छान बोललो होतो. वेतन, सुट्टी, खाणे या बाबतीत मी स्वतःला पूर्ण गुण दिले होते. ‘शक्तीनुसार’ या शब्दावरून मात्र चटकन पुढे गेलो. आता वाटते, विचारण्याची ताकदही त्या शक्तीत मोडते, आणि ती माणसाकडे किती आहे हे मालकाच्या आवाजावर ठरते.

दुसऱ्या दिवशी काम सुरू होण्यापूर्वी सर्वांसमोर माफी मागितली, कारण बोललोही सर्वांसमोर होतो. चूक कोणाची, हे चिठ्ठी दाखवून सांगितले. पत्र त्याच सकाळी सही करून त्याच्या हातात दिले. नंतर नियमच केला की ज्याला पत्र लागते त्याला ते पात्रता होताच मिळेल, मागावे लागणार नाही. हुडी पुन्हा मागवल्या, आणि तोटा मोठा झाला. वेळेत पुरे करायचे तर तीन दिवस जादा थांबणे भाग होते. मॅनिटोबाच्या कायद्याप्रमाणे दिवसाचे आठ आणि आठवड्याचे चाळीस तास भरले की पुढच्या तासाला दीडपट मजुरी. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. १९४६ च्या दुरुस्तीने भारतातील कारखान्यांचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. हे भाषणात सांगताना मी थकत नाही, म्हणून त्या आठवड्यात ‘थांबा’ म्हणायचे नाही, ‘थांबाल का’ असे विचारायचे, असे ठरवले. दोघे नाही म्हणाले आणि घरी गेले. तो मुलगा थांबला. आते थांबल्या, आणि येताना सर्वांसाठी पान्सितचे मोठे भांडे घेऊन आल्या. त्या नूडल्स मी भट्टीशेजारी उभा राहून खाल्ल्या.

चिठ्ठीवर आता कापडाचा वेगळा रकाना आहे. तो खोके उघडणारा माणूस लेबल पाहून भरतो. पहिला नग तपासून त्याच्या चिठ्ठीवर सही करतो तो यंत्रावरचा माणूस, मी नाही. सही झाल्याशिवाय दुसरा नग छापायचा नाही. कोणीही यंत्र थांबवू शकते. बिघडलेले सदरे पूर्वी मी लपवून टाकत असे, ते आता कोपऱ्यातल्या टोपलीत राहतात आणि नव्या शाईच्या चाचणीला वापरले जातात. टोपलीत माझेही आहेत.

तो मुलगा पुढच्या वसंतात कायम निवासी झाला आणि महिन्याभरात कॅलगरीला निघून गेला. मला वाईट वाटले हे खोटे कशाला सांगू. शिकवलेला माणूस जातो तेव्हा वाटतेच. निरोपाच्या दिवशी त्याने पहिल्यांदा मला ‘सर’ न म्हणता ‘भाई’ म्हटले.

त्याच्या जागी आलेली मुलगी अजून नवीन आहे. गेल्या आठवड्यात, नारिंगी सदऱ्यांचे काम अर्ध्यावर असताना, तिने यंत्र थांबवले. पांढरा रंग तिला पिवळसर वाटत होता. वीस मिनिटे गेली. सदरा खिडकीशी नेला, लेबल पाहिले, भट्टीचे तापमान मोजले. काहीच बिघडलेले नव्हते; वरच्या दिव्याची नळी जुनी झाली होती. माझ्या घशाशी जे आले ते मी गिळले, आणि ते तिला दिसले असणार, कारण ती माझ्याकडे पाहत होती. आते आपल्या यंत्रावरून मान न उचलता म्हणाल्या, “दादा, नळी बदला.”

मी शिडी आणायला गेलो.