दीड हात बांध आणि दिवेआगरचा समुद्र

वाचकहो, मानवतच्या माणसाला समुद्र कशाला हवा, असे तुम्ही म्हणाल. आपली गोदावरी त्र्यंबकेश्वरला निघते, तिथून अरबी समुद्र अवघा ऐंशी किलोमीटर. पण ती त्याच्याकडे पाठ फिरवून आमच्या तालुक्याच्या कडेने पूर्वेला जाते. आम्हीही तसेच, साठी उलटली तरी समुद्र पाहिला नव्हता.

2023 च्या मे अखेरीस योग आला. आदल्या वर्षी कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. त्या आशेने आम्ही नवा कापूस घरात दाबून ठेवला आणि भाव उतरत गेला. शेवटी घरच्यांच्या अंगाला खाज सुटली तेव्हा विकला. पाळ्या झाल्या होत्या, मृगाला अवकाश होता. आमच्याबरोबर मॅट्रिक झालेले मास्तर म्हणाले, "चला रे, आता नाही तर कधी?" त्यांच्या मुलाची शाळेची पोरे नेणारी मिनीबस सुट्टीत उभीच होती. मागची बाके काढून गाद्या टाकल्या. शेगडी, पाण्याचा ड्रम, पीठ-मीठ चढवले. सरकारने 2021 साली अशा चाकांवरच्या घरांच्या पर्यटनाचे धोरण काढले आहे. आमची गाडी त्यात बसली नसती, पण आम्ही चौघे तिच्यात बसलो.

मास्तर, आडतवाला शेठ आणि मी. चौथा कोण, हे मास्तरांनी सांगितलेच नव्हते. दार उघडले तर आत बापू!

बापूचे नि माझे शेत लागून. दीड हात बांधावरून 2014 पासून बोलणे बंद. मोजणी झाली, दावा कोर्टात आहे. बांध कोणी कोरला ते इथे लिहीत नाही. लिहिले तर माझ्याच बाजूने लिहीन. परत फिरावे असे मनात आले, पण धपाट्यांचा डबा माझ्या हातात होता आणि शेठला भूक लागली होती.

माजलगाव, बीड, नगर, पुणे. दिवसभर बापूचे तोंड खिडकीकडे, माझे ड्रायव्हरकडे. रात्री ताम्हिणी घाटाच्या अलीकडे मुक्काम केला. जागा एवढीच की एकाने कूस बदलली तर सगळ्यांनी बदलायची. मध्यरात्री बापू अंधारात काहीतरी चाचपू लागला. त्याला शुगर आहे, हे गावातून माझ्या कानावर आले होते. तांब्या माझ्या उशाला होता.

"पाणी का?"

"व्हय."

नऊ वर्षांत बोललो ते एवढेच.

दुसऱ्या दिवशी दिवेआगर. बापू धोतर खोचून गुडघाभर पाण्यात शिरला, ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकला. "एवढं पाणी, अन् एका सरीला द्यायच्या कामाचं नाही!" मला हसू आवरेना. तोही हसला, पण समुद्राकडे बघून.

जवळच्या भरडखोलला कोळी जाळी आवरत होते. 1 जूनपासून मासेमारी बंद. आपली पेरणीची घाई, त्यांची आवराआवर; वाट मात्र एकाच पावसाची.

गाडी एका सुपारीच्या वाडीशेजारी लावली होती. वाडीत मध्येच उघडे ऊन पडलेले. मालक म्हणाले, 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात उभ्या पोफळी मोडल्या. नवी लावली की फळ धरायला पाच-सात वर्षे. "शेजाऱ्याची झाडे आमच्यात, आमची त्यांच्यात. गडगा दिसेना. महिनाभर दोन्ही घरांनी मिळूनच तोडली." शेठने सुपारीचा भाव विचारला, सवयच ती. बापूने माझ्याकडे पाहिले नाही, मी त्याच्याकडे पाहिले नाही. रात्री पिठले त्याने केले. ठेचा घालायच्या आधी माझ्यापुरते वाटीत बाजूला काढून ठेवले. माझ्या पित्ताचे त्यालाही कुठूनतरी कळले होते.

परत आलो. त्या वर्षी पाऊस लांबला, कोकणातच 11 जूनला पोचला. दावा काही मागे घेतलेला नाही. पोरांना ते मान्य नाही, आणि खरे सांगायचे तर तो दीड हात मलाही सुटत नाही. पुढच्या तारखेला मी एसटीची वाट पाहत उभा होतो. बापूची मोटारसायकल येऊन थांबली. "बस मागं," म्हणाला. वाटेत चहा त्याने पाजला. कोर्टात पोचल्यावर तो त्याच्या वकिलाकडे गेला, मी माझ्या.

येतानाचा चहा माझा होता.