चुकलेली पेनल्टी

परवा नातवाबरोबर टीव्हीवर फुटबॉलचा सामना बघत बसलो होतो. एका खेळाडूची पेनल्टी गोलरक्षकाने अडवली आणि आमचे चिरंजीव ताडकन उठून म्हणाले, "आबा, याला पुन्हा टीममध्ये घ्यायचंच नाही!"

मी काही बोललो नाही. पण मला दान पेट्रेस्कू आठवला. आणि त्याच्यामागोमाग आणखी एक जण.

पेट्रेस्कू म्हणजे रोमानियाचा उजव्या बाजूचा बचावपटू. जन्म १९६७ चा, बुखारेस्टचा. काम बचावाचं, पण पाय सतत पुढे धावणारे. बचावपटूचं आयुष्य तसं घरातल्या बाईसारखं. सगळं नीट चाललं तर कुणाचं लक्ष नाही, एक चूक झाली की सगळ्यांना दिसते.

१९८९ मध्ये तो स्टेउआ बुखारेस्टकडून युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात खेळला. वय अवघं एकवीस. मिलानने त्यांना ४-० असं धुऊन काढलं. त्या वेळी स्टेउआचे प्रशिक्षक होते अंघेल योर्डानेस्कू. हे नाव लक्षात ठेवा.

१९९४ च्या विश्वचषकात रोमानियाचे प्रशिक्षकही हेच. त्या वर्षी हाजीच्या त्या संघाने आम्हाला वेड लावलं होतं. यजमान अमेरिकेला त्यांनी १-० ने हरवलं, तो गोल पेट्रेस्कूचा. मग अर्जेंटिनाला ३-२. उपांत्यपूर्व फेरीत गाठ स्वीडनशी. तिकडे कॅलिफोर्नियात १० जुलैची दुपार, इकडे आमची मध्यरात्र उलटलेली. घरातले सगळे झोपलेले, मी आवाज अगदी बारीक करून एकटाच बसलो होतो.

जादा वेळेनंतर २-२ अशी बरोबरी, म्हणून पेनल्ट्या. स्वीडनची पहिलीच फुकट गेली. रोमानियाचे तिघे चुकले नाहीत. चौथा आला पेट्रेस्कू. रावेलीने त्याचा फटका अडवला आणि हातातली आघाडी गेली. पुढे बेलोदेदिचचाही अडवला आणि संपलंच सगळं. हा बेलोदेदिच म्हणजे १९९१ च्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात रेड स्टारसाठी पेनल्टी बिनचूक मारणारा! नवशिके नव्हते हो दोघेही.

मला फार हळहळ वाटली. सकाळी शाळेत शिक्षकांच्या खोलीत मी तावातावाने सांगत होतो, "अहो, एका फटक्यावरून माणसाची किंमत ठरवायची असते का?"

आता त्या दुसऱ्याविषयी. त्याच्या आदल्या हिवाळ्यात आमच्या शाळेचा कबड्डीचा संघ जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोचला होता. शेवटची चढाई नववीतल्या एका मुलाची. गडी चपळ, वर्षभर त्यानेच आम्हाला तारलेलं. पण त्या चढाईत तो गोंधळला आणि पकडला गेला. एका गुणाने हरलो. संघ माझ्याकडे होता. येताना एस.टी.त मी त्याच्याशी एक शब्दही बोललो नाही.

आणि त्या स्वीडनच्या सामन्यानंतर महिन्याभराने, १९९४ च्या ऑगस्टात, मी नव्या संघाची यादी लावली. त्यात त्याचं नाव नव्हतं. तो दहावीत होता, शाळेतलं त्याचं शेवटचं वर्ष. यादीसमोर थोडा वेळ उभा राहिला आणि वर्गात निघून गेला. विचारायलाही आला नाही. 'अभ्यासाचं वर्ष आहे त्याचं,' असं मी लोकांना सांगितलं. स्वतःलाही तेच सांगितलं.

योर्डानेस्कूंनी मात्र पेट्रेस्कूला वगळलं नाही. १९९८ च्या विश्वचषकात तेच प्रशिक्षक आणि उजव्या बाजूला हाच. २२ जूनला तुलूझमध्ये इंग्लंडशी सामना होता. १-१ अशी बरोबरी आणि खेळ संपत आलेला. इतक्यात पेट्रेस्कूने चेल्सीतल्या आपल्याच सहकाऱ्याला, ल सोला, मागे टाकलं आणि सीमनच्या दोन पायांमधून चेंडू जाळ्यात! २-१. मी खुर्चीतून उठलो. आणि उभ्या उभ्याच मला यादीसमोरचा तो मुलगा दिसला.

पेट्रेस्कू देशासाठी एकूण ९५ सामने खेळला, १२ गोल केले. पुढे तो स्वतः प्रशिक्षक झाला. उर्झिचेनी नावाच्या लहानशा गावातल्या उनिरेआ या क्लबला त्याने २००९ मध्ये रोमानियाचं विजेतेपद मिळवून दिलं. मग चॅम्पियन्स लीगमध्ये याच संघाने ग्लासगोला जाऊन रेंजर्सना ४-१ ने हरवलं. त्याच वर्षाअखेर तो तिथून गेला आणि २०११ मध्ये तो क्लबच मोडला. पुढे क्लूजच्या संघाला त्याने चार वेळा विजेता केलं: २०१८, २०१९, २०२० आणि २०२२. मधलं २०२१ चंही विजेतेपद क्लूजलाच मिळालं. तेव्हा प्रशिक्षक होता एडवर्ड योर्डानेस्कू, अंघेल योर्डानेस्कूंचा मुलगा. गुरूच्या घराण्याशी अशीही गाठ असते एखाद्याची.

माझा तो विद्यार्थी आता पन्नाशीकडे झुकला आहे. दर गुरुपौर्णिमेला न चुकता फोन करतो. तब्येतीची चौकशी, पावसापाण्याच्या गप्पा. कबड्डीचा विषय तो कधी काढत नाही. मीही नाही. एवढ्या वर्षांत कितीतरी वेळा जिभेवर आलं, पण "सर, ठेवू का?" असं तो म्हणतो आणि राहून जातं.

नातवाला मी हे सगळं सांगितलं. ऐकून तो म्हणाला, "मग आबा, त्याला फोन करा ना. गुरुपौर्णिमेची वाट कशाला बघायची?"

पोराचं बरोबर आहे. नंबर काढून ठेवला आहे. हे लिहून झालं की लावतो.