पायाखालची जमीन

आमच्या गाडीला गंज चढला आहे, ही बातमी मला सर्वप्रथम आमच्या सौभाग्यवतींच्या चपलेने दिली. रत्नागिरीच्या बाजारातून आम्ही घरी येत होतो. ही शेजारच्या सीटवर, मांडीवर भाजीची पिशवी आणि तोंडाने कोथिंबिरीच्या भावाचा उद्धार. गाडी एका खड्ड्यात आपटली, 'कर्र' असा आवाज झाला आणि ही एकदम गप्प बसली. पस्तीस वर्षांच्या संसारात असं कधी घडलं नव्हतं, म्हणून मी घाबरून ब्रेक लावला. पाहतो तो मॅट बाजूला सरकलेली, तिच्याखालचा पत्रा पापडासारखा मोडलेला आणि हिची डावी चप्पल वीस पावलं मागे डांबरी रस्त्यावर एकटीच उभी! 'पायाखालची जमीन सरकणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग मी शाळेत केला होता. ती खरोखर सरकताना आमच्या घरात प्रथम हिने पाहिली.

आमची गाडी म्हणजे १९८५ सालची प्रीमियर पद्मिनी. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती १९९१ साली प्रॉव्हिडंट फंडातले पैसे काढून सेकंडहँड घेतली. पुढे पद्मिनी निघायची बंद झाली. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. आमची मात्र लाडक्या साहेबासारखी मुदतवाढ घेत आहे. पहिली पंधरा वर्षं नोंदणीची, नंतर दर पाच वर्षांनी तपासणी. २०२५ ची तपासणी महिन्यावर आली होती, आणि ज्या गाडीतून रस्ता दिसतो तिला कोण पास करणार?

गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून मी खुर्चीत बसलो. चिरंजीव पुण्याहून फोनवर म्हणाले, "बाबा, भंगारात द्या." हिनेही चपलेकडे बघत दुजोरा दिला.

पण एक अडचण होती. चार वर्षांपूर्वी अण्णांची नजर अधू झाली आणि त्यांनी आपण होऊन गाडी सोडली. पाठोपाठ बाजार सोडला, वाचनालय सोडलं, संध्याकाळचं फिरणं सोडलं. सगळा दिवस पडवीतल्या आरामखुर्चीत. फक्त संध्याकाळी पाच वाजता उठायचे, भिंतीला हात लावत अंगणात यायचे आणि उभ्या गाडीत स्टिअरिंगवर हात ठेवून दहा मिनिटं बसायचे. आम्ही सगळे ते न बघितल्यासारखं करत असू. ती गाडी भंगारात घातली तर पाच वाजता अण्णांनी काय करायचं, हा प्रश्न मी कोणाला विचारला नाही. "मी घरीच दुरुस्त करतो," एवढंच म्हणालो. हिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्यापुढे आरटीओचा इन्स्पेक्टर देवमाणूस वाटावा. घरातला शेवटचा नळ मी दुरुस्त केला होता तेव्हा प्लंबर दोन दिवस आमच्याकडे जेवायला होता.

लोखंडाला पाणी आणि हवा एकत्र भेटली की गंज धरतो. त्यात खारं वारं असलं की त्याला जोर चढतो. रत्नागिरीत तिन्ही गोष्टी फुकट. मी अभ्यास केला, बाजारातून पुट्टीचा डबा आणला आणि एका दुपारी पत्र्याची भोकं अशी सफाईने बुजवली, की लोणीच जणू. वर रंगाचा हात मारला आणि अण्णांना बोलावलं.

अण्णा आले. त्यांना काही दिसत नव्हतंच. त्यांनी वाकून बोटाच्या पेराने टकटक केलं. भद्द, भद्द आवाज आला.

"काय रे, गंज काढलास की पांघरूण घातलंस?"

मी गप्प.

"या गाडीला वेगळी चासी नाही. हा पत्राच तिची हाडं. हाडाला पुट्टी लावतात का? काढ सगळं. चांगला पत्रा लागेपर्यंत खरवडायचं."

मी वायरब्रश आणि पॉलिशपेपर घेऊन बसलो. गंजाची एक गंमत आहे. वर रंगाला हरभऱ्याएवढा फुगा दिसतो. नख लावलं की आत साम्राज्य! माझं भोक सकाळी चार आण्याच्या नाण्याएवढं होतं, दुपारी पुरीएवढं झालं आणि दिवेलागणीला सणाच्या पुरणपोळीएवढं. माझा धीर सुटत होता आणि अण्णांचा उत्साह वाढत होता. खुर्ची पडवीतून अंगणात आली. मी घासायचं आणि अण्णांनी डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवायचा. "इथे कड लागते. घास." मला चष्म्यातून जे दिसत नव्हतं ते त्यांच्या तळव्याला कळत होतं. शेजारचे तात्या रोज चहाच्या वेळेला सल्ला द्यायला यायचे. हिने तांब्याच्या हंड्याचा अनुभव सांगून चिंच लावायला सुचवलं. मी हसलो, पण गंज मारायला आणलेल्या बाटलीतही शेवटी फॉस्फरिक ॲसिडच निघालं. तेव्हापासून ही त्या बाटलीला 'तुमची चिंच' म्हणते.

दारांच्या तळाशी पाणी जायला बारीक भोकं असतात, ती मातीने बुजली होती. काचेवरून आत उतरणारं पावसाचं पाणी वर्षानुवर्षं दारातच मुक्कामाला. अण्णांनी खराट्याचा एक हीर मागवला आणि स्वतः चाचपून चाचपून चारही दारांची भोकं मोकळी केली. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले.

पत्र्याला ठिगळ लावायचं काम मात्र मी माझ्या लायकीबाहेरचं ठरवलं. खिडक्यांचे ग्रिल करणारा एक पोरगा गॅस वेल्डिंगचं सामान घेऊन आला. अण्णांनी त्याला आधी बॅटरी काढायला लावली, पेट्रोलची टाकी उतरवून लांब फणसाखाली ठेवायला लावली आणि मला पाण्याची बादली घेऊन उभं केलं. त्या कामात माझं कौशल्य वादातीत ठरलं. पोरगा एका बाजूने सरळ डाग देत सुटला, तेव्हा अण्णा म्हणाले, "अरे, ठिपके दे. इकडे एक, तिकडे एक. नाहीतर पत्रा तापून वाकेल." पोराने माझ्याकडे बघून विचारलं, "आजोबा मेकॅनिक होते काय?" आजोबा चौतीस वर्षं मराठी शिकवत होते. मग रेड ऑक्साइड, वर रंग आणि खालून डांबरी लेप.

सीटखालची सफाई करताना मला खरोखरचे चार आणे सापडले. स्टेनलेस स्टीलचे, गंजाचा डागही नाही. मी ते अण्णांच्या हातात ठेवले. त्यांनी ते बोटांनी ओळखले आणि हसले. "हे २०११ सालीच बंद झालं. बघ, नाणं चकचकीत, पण चालत नाही. गाडी गंजकी, पण चालते." आणि ते नाणं त्यांनी खिशात टाकलं.

गाडी पास झाली. इन्स्पेक्टर खाली वाकला, टकटक केलं, आणि या वेळी टणटण आवाज आला. मी घरी आलो ते हॉर्न वाजवतच. पाच वाजले होते. अण्णा भिंत धरून अंगणात आले आणि सवयीने ड्रायव्हरच्या दाराशी गेले. मी तिथेच बसलेला. त्यांचा हात दारावर थांबला. मग ते वळसा घालून शेजारच्या सीटवर येऊन बसले आणि पायाने तळ दोनदा ठोकून पाहिला.

"चला अण्णा, भाट्याच्या समुद्रावर जाऊ," मी म्हटलं.

"मूर्खा, महिनाभर गंज काढलास तो काय पुन्हा खारं वारं लावायला?"

मी गाडी बंद करायला किल्लीकडे हात नेला.

"थांब," अण्णा म्हणाले. "लांब उभी करू. पुढे चालत जाऊ."