उचल, मग ओढ

आमच्या व्हॅनचं डावीकडचं सरकतं दार परक्या माणसाला कधी उघडलं नाही. मूठ धरून ते आधी तांदळाच्या दाण्याएवढं वर उचलायचं, मग मागे ओढायचं. नुसतं ओढलं की अर्ध्यावर अडायचं. "उचल, मग ओढ," अण्णा स्टिअरिंगवरून मान न वळवता सांगायचे.

ती मारुती व्हॅन अण्णांनी १९९६ साली जुनीच घेतली. १९८४ मध्ये बाजारात आलेल्या या गाडीला पुढे १९८८ मध्ये ओम्नी नाव मिळालं, आमच्या घरी मात्र ती शेवटपर्यंत व्हॅनच. हिंदी सिनेमातल्या गुंडांनी तिच्या दारातून किती माणसं पळवली, देव जाणे. आमच्या दारातून परकर, टॉवेल आणि चादरी बाहेर यायच्या. भोरच्या पेठेतून माल भरायचा आणि कापूरहोळ, चेलाडी फाटा, नसरापूर, मार्गासनी करत वेल्ह्याला. इंजिन पुढच्या सीटखाली. थंडीत अण्णांना त्याची ऊब आणि उन्हाळ्यात शिक्षा. बाजाराच्या दाटीत साधं दार उघडायचं तर हातभर जागा लागते, हे अंगालगत मागे जायचं. दार सरकलं की दुकान उघडलं.

दार अडायचं त्यात गाडीचा दोष नव्हता, आमचाच होता. तोरण्याखालचा पाऊस म्हणजे चार महिने चिखल. लावणीवरून आलेल्या बाया दारातल्या पायरीवर बसून लुगडी बघायच्या, पायांचा चिखल खालच्या पटरीत. वर अण्णा दर दसऱ्याला झेंडूच्या माळेबरोबर पटरीत मूठभर ग्रीस भरायचे. श्रद्धा तीच, दोन्हीकडे. त्या ग्रीसला धूळ चिकटायची आणि वर्षभरात तिचा लांबी भरल्यासारखा घट्ट थर व्हायचा.

अण्णा गेल्यावर गाडी पडवीत उभी राहिली. कोंबड्यांनी तिला आपलं मानलं. मग २०२१ मध्ये राज्य सरकारचं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आलं आणि माझ्या भाच्याच्या डोक्यात किडा वळवळला. "मावशी, मागची सीट काढून फळी टाकू. झोपायची गाडी!" गाडीचं पुन्हा पासिंग, टायर, बॅटरी सगळं जमलं. दार मात्र उचलूनही हलेना.

भोरातल्या मिस्त्रींनी बघितलं आणि एवढंच म्हणाले, "ताई, हातोडा घेऊ नका. दार तीन जागी चालतं, तिन्ही बघा." एक पटरी छताशी, एक बाहेरून पत्र्यात, एक पायरीत. भार बराचसा खालच्या रोलरवर. दोघांनी दार कसंबसं मोकळं केलं आणि मी स्क्रूड्रायव्हर घेऊन पायरीशी बसले. वरचा थर काळा, चिकट; खालचा लाल, विटेसारखा. त्यात भाताची तुसं, ब्लाउजचे तीन हूक, सेफ्टी पिन, एक चाराण्याचं नाणं. २०११ मध्ये चाराणे चलनातून गेले, तरी मी ते पुसून डब्यात ठेवलं. रॉकेलच्या बोळ्याने पटरी घासली तेव्हा पत्र्याचा मूळ रंग पहिल्यांदा दिसला. रोलर एका बाजूने सपाट झिजला होता. इतकी वर्षं तो फिरलाच नव्हता, नुसता घासत गेला होता. आणि आम्ही उचलायचो ते त्याचंच ओझं.

नवा रोलर बसवला. बोल्ट ढिले केले, फळीखाली जॅक लावून भाच्याने दार जरा वर घेतलं, खटका नीट जुळल्यावर मी पाना आवळला. तेवढ्यासाठी चार वेळा उतरवून पुन्हा लावलं, हे भाचा कुणाला सांगत नाही. ग्रीस बोटाच्या टोकाएवढंच. दसऱ्याची सवय मोडायला मन तयार नव्हतं, पण मोडली.

पहिली फेरी केळदला, मढे घाटाच्या अलीकडे. आई आधी बसणार म्हणून पुढे झाली. पदर खोचला, मूठ धरली, अंगातला जोर गोळा करून उचललं, ओढलं. दार सर्रकन मागे गेलं, धाडकन थांबलं आणि आई माझ्या अंगावर कलली. सावरून तिने दाराकडे खालपासून वरपर्यंत बघितलं.

"हे आपलं न्हाई गं," ती म्हणाली, आणि जाऊन पुढे बसली.