ॲलेक्सचं ‘एकही नाही’

अर्थ न कळता घोकलेलं बोलणं म्हणजे पोपटपंची. हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो, की त्यात पोपटावर अन्याय होत असेल अशी शंकाही मनात येत नाही. ॲलेक्स या करड्या आफ्रिकन पोपटाचं आयुष्य वाचलं, की मात्र तो जिभेवर अडखळतो. १९७७ साली संशोधक आयरीन पेपरबर्ग यांनी शिकागोजवळच्या एका दुकानातून त्याला आणलं. हुशार पाखरू वेचून घेतलं असं पुढे कुणी म्हणू नये, म्हणून निवड त्यांनी दुकानातल्या माणसावरच सोपवली. शिकवणी साधी होती. दोन माणसं त्याच्यासमोर एकमेकांना वस्तूचं नाव विचारत आणि बरोबर सांगणाऱ्याला तीच वस्तू मिळे. बक्षीस म्हणून दाणा नाही. ‘किल्ली’ म्हटलं की किल्ली, ‘लाकूड’ म्हटलं की चोचीने कुरतडायला लाकूड. शब्दाची आणि वस्तूची गाठ पडते ती इथे. पन्नासेक वस्तू, सात रंग, पाच आकार त्याला सांगता येऊ लागले.

यावर जुना आक्षेप आहे बर्लिनच्या हान्स घोड्याचा. तो प्रश्नकर्त्याच्या नकळत हालचाली हेरून खूर आपटायचा थांबे आणि लोकांना वाटे, याला गणित येतं. पण घोड्याला फक्त कुठे थांबायचं तेवढंच कळायला हवं होतं. ॲलेक्सला शंभरएक शब्दांतून नेमका एक उच्चारायचा होता. शिवाय त्याचं उत्तर ऐकून सांगणारी व्यक्ती पाठमोरी बसे, समोर काय ठेवलंय ते तिला ठाऊक नसे. आणि एक प्रसंग तर कुठल्याच इशाऱ्याने उलगडत नाही. तबकात दोन, तीन आणि सहा ठोकळ्यांचे वेगवेगळ्या रंगांचे गट होते. विचारलं, ‘तीन आहेत ते कोणत्या रंगाचे?’ तो म्हणाला, ‘पाच.’ पुन्हा विचारलं, पुन्हा ‘पाच’. शेवटी, ‘बरं, पाच कोणत्या रंगाचे?’ उत्तर आलं, ‘एकही नाही.’ हा शब्द तो शिकला होता दोन वस्तूंत फरक नसला तर सांगायला. ठोकळ्यांच्या मोजणीत तो त्याने स्वतःहून आणला.

याला भाषा म्हणावं का? व्याकरण त्याच्याकडे नव्हतं आणि पेपरबर्गही तसा दावा करत नसत. पण समज नव्हती असं म्हणणं मला पटत नाही. चाचण्यांत त्याची सुमारे ऐंशी टक्के उत्तरं बरोबर येत. उरलेल्या चुकाही बघण्यासारख्या आहेत: तेच तेच विचारून कंटाळा आणला, की तो कधी कधी बरोबर सोडून बाकीची सगळी उत्तरं देई आणि मग म्हणे, ‘परत जायचंय.’