प्रवचन नको, अनुभव पाठवा

माझं माहेर नगरचं, सासर वसईचं. माहेरी आम्ही प्रोटेस्टंट, घरी 'ज्ञानोदय' यायचा. 1842 साली अमेरिकन मराठी मिशनने सुरू केलेलं ते नियतकालिक. रेव्हरंड नारायण वामन टिळकही त्याचे संपादक होते. सासरी सगळे कॅथलिक, तिथे 'सुवार्ता' आणि 'निरोप्या' वाचले जायचे. शाळेतली नोकरी संपल्यावर मीही ख्रिस्ती मासिकांसाठी लिहायला लागले. नव्याने लिहिणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून काय घडलं ते सांगते.

पहिला लेख क्षमेवर होता. त्यात बायबलमधली वचनं भरपूर होती. पाठवला आणि वाट पाहत राहिले. बरेच महिने उत्तर आलं नाही, म्हणून फोन केला. संपादक फादर शांतपणे म्हणाले, "बाई, क्षमेवर लिहायला आमच्याकडे धर्मगुरू आहेत. तुमच्या घरात कोणी कोणाला क्षमा केली असेल, तर ते लिहा."

मला वाईट वाटलं. काही दिवस लिहायला बसलेच नाही. पण त्यांचं बोलणं डोक्यातून जाईना, कारण आमच्या घरात तसं खरंच घडलं होतं. वाडीच्या बांधावरून सासूबाई आणि त्यांचे धाकटे भाऊ यांच्यात वर्षानुवर्षं अबोला होता. सासूबाई शेवटच्या आजारात असताना मामा स्वतःहून आले. रात्री दवाखान्यात थांबायची पाळीही त्यांनी घेतली. बांधाचा विषय दोघांनीही काढला नाही.

हे लिहिलं, पण पाठवण्याआधी मामांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आईच्या वाटणीचं वाक्य काढ, बाकी राहू दे." मी ते काढलं. लेख जवळपास जसाच्या तसा छापून आला. तेव्हापासून घरातल्या, शेजारच्या कोणाबद्दलही लिहिलं की आधी त्यांना वाचून दाखवते. 'नको' म्हणाले, तर लेख बाजूला ठेवते. चर्चमध्ये दर रविवारी तीच माणसं भेटतात. नाव बदललं तरी ती ओळखू येतात.

पुढचा लेख संत गोन्सालो गार्सियांवर. वसईत जन्मलेले, 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत हुतात्मा झालेले, 1862 मध्ये संतपद मिळालेले. लेख जानेवारीच्या शेवटी पाठवला. फेब्रुवारीचा अंक तोवर छापून झाला होता. लेख वर्षभर थांबला. आता सणाचा लेख निदान दोन महिने आधी पोचवते. नाताळ विशेषांकासाठी तर दिवाळीच्याही आधी विचारून घेते.

अक्षरांचाही त्रास झाला. घरी मी युनिकोडमध्ये टाइप करायचे, छापखान्यात दुसरा फॉन्ट. रूपांतर करताना जोडाक्षरं फुटली आणि एका संताचं नाव चुकीचं छापलं गेलं. आता फाइलसोबत पीडीएफ जोडते आणि नावं, तारखा, वचनांचे संदर्भ वेगळ्या कागदावर लिहून देते. शक्य असेल तर मुद्रित मागून तपासते.

माहेरच्या ओळखीने एका प्रोटेस्टंट मासिकातही लिहिलं. त्यात तोबितच्या पुस्तकातली गोष्ट होती. कॅथलिक बायबलमध्ये 73 पुस्तकं आहेत, प्रोटेस्टंट बायबलमध्ये 66. तोबित त्या 66 मध्ये नाही. संपादकांनी कळवलं, मी उदाहरण बदललं. कुठे फादर आणि मिस्सा, कुठे पाळक आणि उपासना, हेही आधीच्या अंकांतून पाहून घेते. एकच लेख एका वेळी दोघांना पाठवत नाही. एकाचा नकार आल्यावरच दुसऱ्याला.

आता पैशाचं. मानधन थोडं असतं, कधी फक्त अंक मिळतो. त्याबद्दल तक्रार नाही, बरीच मासिकं वर्गणी आणि देणग्यांवर चालतात. पण एका प्रकाशकाने माझा लेख मला न विचारता पुस्तकात घेतला. नावही टाकलं नव्हतं. ते पुस्तक दुसऱ्याच्या हातात पाहिलं तेव्हा मला रडू आलं. एका वकील ओळखीच्या बाईंनी समजावलं की 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार बाहेरून लिहिणाऱ्याचा हक्क लेखकाकडेच राहतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर सहीनिशी लेखी द्यावा लागतो. मी पत्र लिहिलं, पुढच्या आवृत्तीत नाव आलं. आता प्रत्येक लेखासोबत एक ओळ असते: 'हा लेख फक्त आपल्या अंकात एकदा छापण्यासाठी आहे.' आजवर एकाही संपादकाने त्यावर हरकत घेतलेली नाही. कॉपीराइटचा हाच नियम आपल्यालाही लागू आहे. बायबलच्या नव्या भाषांतरांवर प्रकाशकांचे हक्क असतात, म्हणून मोठा उतारा घ्यायचा असेल तर मी परवानगी मागते.

तुम्हाला लिहायचं असेल, तर आधी त्या मासिकाचे वर्षभराचे अंक वाचा. सामान्य घरातल्या माणसांचं लिखाण त्यात कुठे येतं ते पाहा. संपादकांना दोन ओळींत विषय कळवा आणि होकार आला की लिहा. वचन एखादंच घ्या. बाकीचा लेख तुम्ही पाहिलेल्या, विचारून खात्री केलेल्या गोष्टींनी भरा. आपल्या घरात आणि मंडळीत श्रद्धा कशी जगली जाते, हे बाहेरचा कोणी येऊन लिहिणार नाही. ते आपणच लिहायला हवं.